आमची वाटचाल: तापमानाची वही

नागपूरच्या सीताबर्डीवरील आमच्या गाळ्यात शिरल्यावर डाव्या हाताच्या फळीवर कापडी बांधणीची एक लांब वही दिसते. कारखान्याने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेग देऊन आमच्या हातून गेलेल्या प्रत्येक संगणकाची नोंद तिच्यात आहे: प्रोसेसर, स्टेपिंग (त्याच प्रोसेसरची सुधारित आवृत्ती), बसचा म्हणजे मूळ ठेक्याचा वेग, गुणक (बसच्या वेगाला याने गुणले की प्रोसेसरचा वेग मिळतो), कोअर व्होल्टेज (प्रोसेसरला मिळणारे व्होल्टेज), पूर्ण भाराखालचे तापमान आणि शेवटच्या रकान्यात खोलीचे तापमान. हा शेवटचा रकाना २००९ च्या उन्हाळ्यापर्यंत आमच्या वहीत नव्हता. तो कशामुळे आला, हे सांगितल्याशिवाय आमची वाटचाल सांगून होणार नाही.

दुकान मी आणि पॉलिटेक्निकमधील माझ्या वर्गमित्राने मिळून २००५ साली काढले. पहिली दोन वर्षे फॉरमॅट मारणे, एसएमपीएस बदलणे आणि प्रिंटर दुरुस्त करणे यातच गेली. आमचे खरे काम पेन्टियम ड्युअल-कोअर ई२१६० बाजारात आल्यावर सुरू झाले. २०० मेगाहर्ट्झची बस आणि ९ चा गुणक असलेला हा १.८ गिगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर चांगल्या मदरबोर्डावर ३३३ च्या बसवर नेला की ३.० गिगाहर्ट्झला चालत असे, आणि अभियांत्रिकीच्या मुलांना कमी पैशांत वरच्या किमतीचा वेग मिळे. चार महिन्यांत मुले मुलांना घेऊन येऊ लागली, आणि आम्हाला एक रुपयाचीही जाहिरात करावी लागली नाही.

या कामातील शिस्त माझ्या भागीदाराची होती, हे मी आजही सर्वांसमोर सांगतो. रॅमचे सोनेरी टोक तो खोडरबराने इतक्या हलक्या हाताने पुसत असे की रबराचा कण स्लॉटजवळ पडत नसे. थर्मल पेस्टचा तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका ठेवून हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) दाबून बसवायचा, नंतर बोर्ड उलटा करून चारही प्लास्टिक खुंट्यांचे काळे टोक पांढऱ्या पाकळ्यांमधून पूर्ण बाहेर आले आहे का ते बोटाने चाचपायचे, असा त्याचा दंडक होता. ७७५ सॉकेटवर, म्हणजे प्रोसेसर बसवण्याच्या त्या काळच्या बैठकीवर, काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की चौथी खुंटी बसल्यासारखी वाटते आणि बसलेली नसते. इन्फ्रारेड तापमापीही त्यानेच आणली. सारे जग प्रोसेसरचे तापमान पाहत असताना तो ती तापमापी सॉकेटच्या बाजूच्या मॉस्फेटांवर, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या चिपांवर, रोखत असे. त्या वेळी मला तो वेळेचा अपव्यय वाटत होता.

आमचे सर्वांत जुने ग्राहक महालातील लग्नाचे व्हिडिओ करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांना आम्ही भाऊ म्हणतो. त्यांना कोअर २ क्वाड क्यू६६०० हा चार कोअरचा प्रोसेसर हवा होता, आणि तो जी० स्टेपिंगचाच हवा, हे आम्ही त्यांना पटवून दिले होते. खोक्यावर एसएल९यूएम असेल तर तो १०५ वॉटचा बी३, आणि एसएलएसीआर असेल तर ९५ वॉटचा जी०. नाव, वेग आणि किंमत दोन्हींची एकच, मात्र वेग वाढवताना त्यांच्यातला फरक पहिल्याच तासात कळतो. एसएलएसीआरचे खोके येईपर्यंत भाऊ सहा आठवडे थांबले. पी३५ चिपसेटच्या (बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपच्या) बोर्डावर तो आम्ही ३३३ गुणिले ९, म्हणजे ३.० गिगाहर्ट्झला बसवला. तीन ठिकाणांहून दर आणून घासाघीस करण्याच्या त्या दिवसांत या माणसाने आमच्या शब्दावर सहा आठवडे काम अडवून धरले, याचे मोल मला पुढे कळले.

२००८ च्या अखेरीस एका अ‍ॅनिमेशन प्रशिक्षण वर्गाकडून बावीस संगणकांची मागणी आली. आमचा दर क्यू६६०० आणि पी३५ बोर्ड धरून होता. आमच्याच संकुलातील दुसऱ्या एका दुकानदाराने तेवढ्याच वेगाचे आश्वासन देऊन आमच्यापेक्षा बराच कमी दर भरला. ते कसे शक्य आहे, हे मला त्याच दिवशी कळले होते: तो जी३१ चिपसेटचा स्वस्त बोर्ड धरत होता. भागीदार म्हणाला, काम जाऊ दे. मी ते जाऊ दिले नाही, दर उतरवला आणि तोच बोर्ड धरला. खोक्यावर क्वाड-कोअर चालेल असे छापलेले होते, आणि ते खोटेही नव्हते. परंतु त्या बोर्डांवर प्रोसेसरला वीज पुरवणारे तीनच फेज होते आणि मॉस्फेटांवर हीटसिंक नव्हता. क्यू६६०० चा मूळ २.४ गिगाहर्ट्झचा वेग ३.० करून व्होल्टेज १.२५ वरून १.३५ वर नेले की विजेची ओढ वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे जवळपास दीडपट होते. ९५ वॉटसाठीही कसाबसा पुरणारा बोर्ड त्या ओढीखाली सतत भाजत राहतो.

आम्ही ते बावीसही संगणक जानेवारीत तपासले. प्रत्येकावर प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा प्रोग्राम) बारा तास चालवले, आणि एकही अडखळला नाही. नागपूरच्या जानेवारीत रात्री दुकानात स्वेटर घालून बसावे लागते, हे आमच्या ध्यानात आले नाही.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात फोन सुरू झाले. वर्ग वरच्या मजल्यावर, डोक्यावर तापलेला स्लॅब. खिडकीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर होता आणि तो चालू असेपर्यंत सर्व ठीक असे. परंतु तो भारनियमनाचा काळ होता. लाइट गेली की कूलर बंद पडे आणि इन्व्हर्टरवर संगणक चालू राहत, त्यामुळे बावीस यंत्रांची उष्णता त्याच खोलीत कोंडून अर्ध्या तासात हवा चाळीस अंशांपुढे जाई. प्रोसेसरला स्वतःचे संरक्षण असते. तो तापला की वेग उतरवतो आणि शेवटी यंत्र बंद करतो. त्या बोर्डांवरील मॉस्फेटांना असे कोणतेही संरक्षण नव्हते. पहिल्या बोर्डावर सॉकेटच्या बाजूला रुपयाएवढा तपकिरी डाग पडला होता आणि शेजारचे कपॅसिटर वरून फुगले होते. मेच्या मध्यापर्यंत असे नऊ बोर्ड जळले. कंपनीकडून बदली मिळण्याचा प्रश्नच नव्हता, कारण वेग वाढवलेल्या यंत्राला वॉरंटी लागू होत नाही.

नऊच्या नऊ बोर्ड मी स्वतःच्या पैशांनी बदलले आणि उरलेल्या तेरा संगणकांचा वेग उतरवून दिला. त्यासाठी आईची एफडी मोडावी लागली. इतके करूनही त्या दुकानदाराने वर्गाच्या मालकांना सांगितले की आम्ही जुने, वापरलेले प्रोसेसर नवीन म्हणून घातले आहेत. हे धादांत खोटे होते. एसएलएसीआरची बावीस रिकामी खोकी आमच्या माळ्यावर होती, मी ती दाखवायला घेऊन गेलो, आणि मला दारातच थांबवण्यात आले. पुढच्या महिन्यात आमच्या डिस्ट्रिब्युटरने उधारी बंद केली. भागीदाराने हिशेब मिटवून पुण्यात नोकरी धरली. जाताना तापमापी मात्र त्याने टेबलावरच ठेवली. ज्या स्वस्त बोर्डाने आम्हाला बुडवले, तो बोर्ड त्या स्पर्धेत प्रथम कोणी आणला, हे आजपर्यंत कोणी विचारलेले नाही. पंधरा वर्षे उलटून गेली, तरी ही गोष्ट मला विसरता आलेली नाही.

त्या जूनमध्ये भाऊ दुकानात आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "काहून तोंड पाडून बसला रे? माझं मशीन तर चालूच आहे." जे यंत्र घ्यायला अजून वर्षभर अवकाश होता, त्याचे पूर्ण पैसे त्यांनी आगाऊ दिले. त्या पैशांवर आम्ही पावसाळा काढला. वहीतला शेवटचा रकाना मी त्याच आठवड्यात आखला.

त्यानंतरची वर्षे कामाची गेली आणि दुकान सावरले. त्याविषयी विशेष लिहिण्यासारखे नाही.

जुन्या संगणकासाठी प्रोसेसर निवडणाऱ्यांना मात्र काही सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. आधी बोर्ड पाहावा, प्रोसेसर नंतर. बोर्ड साधा असेल तर क्वाडच्या मागे न लागता ६५ वॉटचा, दोन कोअरचा ई८४०० घ्यावा. तो मुळातच ३.० चा आहे आणि बोर्डाला झेपेल तेवढाच वर न्यावा. दुसऱ्या पिढीचा आय५-२५००के हौसेने घेऊन लोक एच६१ च्या बोर्डावर बसवतात आणि आमच्याकडे येतात. त्या चिपसेटवर गुणक वाढवता येत नाही आणि त्या पिढीत १०० मेगाहर्ट्झचा मूळ ठेका फारसा वाढवता येत नाही, म्हणजे 'के' या अक्षराचे, गुणक मोकळा असल्याच्या खुणेचे, पैसे वाया जातात. त्यासाठी पी६७, झेड६८ किंवा झेड७७ सारखा बोर्ड लागतो. आणि चाचणी मेमध्ये, दुपारी, कूलर बंद करून घ्यावी. बाहेरची हवा दहा अंशांनी चढली की आतले तापमानही जवळपास तितकेच चढते. कोणताही पंखा खोलीतल्या हवेपेक्षा थंड हवा देऊ शकत नाही. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली, त्या दिवशी आमच्या वहीतील एकाही यंत्राबद्दल फोन आला नाही.

गेल्या मे महिन्यात भाऊंचा तोच पी३५ बोर्ड पुन्हा माझ्या टेबलावर होता. लोक आता घरातल्या जुन्या मिनी डीव्ही कॅसेट घेऊन त्यांच्याकडे येतात, त्या उतरवण्यासाठी फायरवायर पोर्ट आणि जुने सॉफ्टवेअर लागते, म्हणून ते यंत्र त्यांना सोडवत नाही. पण क्यू६६०० वर एकेका कॅसेटची फाइल व्हायला फार वेळ लागत होता. आम्ही झिऑन ई५४५० हा सर्व्हरचा प्रोसेसर निवडला: ४५ नॅनोमीटर, ३.० गिगाहर्ट्झ, ८० वॉट, १२ एमबी कॅश. तो मुळात ७७१ सॉकेटचा, त्यामुळे दोन संपर्कबिंदूंची अदलाबदल करणारा स्टिकर लावावा लागला, कडेच्या खाचा कानशीने पाडाव्या लागल्या आणि बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ प्रोग्राममध्ये, त्याचा मायक्रोकोड घालावा लागला. बस ३७८ वर ठेवली, म्हणजे वेग ३.४ होतो आणि डीडीआर२-८०० ची रॅम ७५६ वर, मर्यादेच्या आत राहते. ४०० ची बसही लागली असती, भाऊंचा जावई ती लावा म्हणून सांगतही होता. मी भागीदाराची तापमापी मॉस्फेटांवर रोखून त्याला आकडा दाखवला आणि त्याने पुढे आग्रह धरला नाही.

दुपारी दोन वाजता कूलर बंद करून आम्ही तिघे घामाघूम होऊन दोन तास पडद्याकडे पाहत बसलो. चार वाजता भाऊंनी वही स्वतःकडे ओढून चष्मा लावला आणि शेवटच्या दोन रकान्यांत स्वतःच्या हाताने लिहिले: कोअर ७४, खोली ४१.