नऊ फुटी डबा, मंगळुरू ते भुसावळ

आमच्याकडे पोहायला विहिरीत शिकवतात. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा, नाहीतर वाळलेले भोपळे, आणि मामा किंवा काका वरून सरळ ढकलून देतो, मग तुम्ही आणि पाणी काय ते बघून घ्या. ज्या दिवशी डबा सुटला त्या दिवशी पोरगं माणसात आलं असं धरतात. माझ्या चुलतभावांचा डबा एका उन्हाळ्यात सुटला, मला दोन लागले, आणि तो दुसरा उन्हाळा मी अजून विसरलेलो नाही, कारण माझ्यापेक्षा लहान पोरी काठावरून सूर मारायच्या आणि मी आपला गोडेतेलाचा डबा पाठीला बांधून गोल गोल फिरतोय.

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे माझा शिरपूरचा मित्र माझ्या सर्फबोर्डाला डबा म्हणतो.

हो, सर्फबोर्ड. खान्देशातला माणूस आणि सर्फिंग म्हटलं की पुण्यातले लोक हसतात, हसू द्या. तापी जाते की समुद्रात, सुरतेच्या पुढे, आम्ही कधी तिच्यासोबत गेलो नाही एवढंच. चार वर्षांपूर्वी आम्ही दोघं ऑफिसच्या ग्रुपसोबत कर्नाटकात मुलकीला गेलो, तिथे दोन दिवसांचा शिकाऊ कोर्स केला आणि तेव्हापासून सुट्टी मिळाली की तिकडेच पळतो. सुरुवात दोघांनी एकाच बोर्डावर केली, तो मऊ फोमचा मोठा बोर्ड असतो ना, सगळे नवशिके त्यावरच असतात. मग तो दर वर्षी एकेक फूट कमी करत ५ फूट १० इंचावर आला आणि मी ९ फूट २ इंचाचा सेकंडहँड लाँगबोर्ड घेऊन तिथेच बसलो. तो मला विहिरीतून न निघालेलं पोरगं समजतो, आणि खरं सांगू का, मलाही कधी कधी तसंच वाटतं.

या वेळची ट्रिप आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीची होती. जूनला पाऊस लागला की तिकडचा समुद्र खवळतो, आमच्यासारख्यांसाठी सीझन संपल्यात जमा, म्हणून शेवटचे चार दिवस काढून घ्यायचे आणि तिथून थेट गावी जायचं असं ठरलं. शेवटच्या सकाळी ससिहित्लूला गेलो. तिथे नदी समुद्राला मिळते, मुखाशी वाळू साचते आणि त्या वाळूवर लाट फुटते. लाट फार मोठी नव्हती, कमरेएवढी असेल, पण अगदी स्वच्छ, वारा नाही, काही नाही. लाँगबोर्डासाठी याहून चांगलं काय पाहिजे? मी सगळ्यांच्या मागे, पार आत जाऊन बसलो आणि येईल ती लाट घेत सुटलो. एक, दोन, पाच, सात. शॉर्टबोर्डवाली पोरं माझ्यापेक्षा किनाऱ्याकडे बसलेली, ती हात मारायला सुरुवात करेपर्यंत मी त्यांच्या समोरून उभा राहून जातोय. आठव्या लाटेला त्यातला एक पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा म्हणाला, "अंकल, एक तो छोड दो."

अंकल! मला छत्तीस पूर्ण व्हायचेत अजून.

पण त्याचं चुकलं नव्हतं. नियम असा आहे की लाट जिथे पहिल्यांदा फुटते त्याच्या सगळ्यात जवळ जो असेल त्याची ती लाट. लाँगबोर्डाला उचल जास्त, त्यामुळे लाट अजून नुसता फुगवटा असते तेव्हाच तो तिला धरतो, आणि शॉर्टबोर्डवाल्याला ती पार उभी होईपर्यंत थांबावं लागतं. म्हणजे नियमाने मी बरोबर, आणि पंगतीत पहिल्या पानावर बसून बासुंदीची बादलीच मांडीत घेतल्यासारखा. लोक म्हणतात लाँगबोर्डवाले आळशी, लाँगबोर्डवाल्यांना वळता येत नाही, लाँगबोर्ड म्हणजे दरवाजा, ट्रक, होडी, पण मला वाटतं या सगळ्या नावं ठेवण्याच्या तळाशी तो पोरगा म्हणाला तेवढंच आहे, की बाबा एक तरी सोड.

मंगळुरू जंक्शनवरून मंगला एक्स्प्रेस धरली. ही गाडी माझ्यासाठीच काढलीय असं मला वाटतं, एकाच गाडीत बसायचं, कोकण रेल्वेने वर यायचं, पनवेल, कल्याण, नाशिक, मनमाड करत थेट भुसावळ. अडचण फक्त बोर्डाची. त्याचा बोर्ड डब्यात आला, साइड अपरवर भिंतीला टेकवून तो त्याच्या शेजारी कुशीवर झोपला, नवी नवरी आणल्यासारखा. माझा नऊ फुटी, तो कुठे मावणार, दोन गोधड्यांत गुंडाळून सुतळीने आवळून लगेज व्हॅनमध्ये टाकला. बुकिंग करताना यात काय आहे विचारलं तर मी म्हणालो सर्फबोर्ड, तर तो माणूस खालून वर बघत म्हणाला, टेबल लिखूं? मी म्हटलं लिहा.

रात्री कुठेतरी झोप उडाली आणि आमचं भांडण सुरू झालं. तो म्हणाला ऑलिंपिक बघ, टोकियोला सर्फिंग पहिल्यांदा आलं, मग पॅरिसच्या वेळी ताहितीत झालं, दोन्हीकडे सगळे शॉर्टबोर्डच, तुझे डबे कुठे होते? मी म्हटलं अरे हवाईचा ड्यूक कहानामोकू, ज्याने हा खेळ जगभर नेला, ऑलिंपिकमध्ये पोहण्याची सुवर्णपदकं घेतलेला माणूस, त्याचा एक बोर्ड तर १६ फुटांचा होता, वजन ५० किलोच्या वर. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत सगळं जग नऊ-दहा फुटांवरच उभं होतं, छोटे बोर्ड आले ते ऑस्ट्रेलियातून. १९६६ ला नॅट यंगने सॅन दिएगोची जागतिक स्पर्धा जिंकली ती ९ फूट ४ इंचाच्या बोर्डावर, पण तो बोर्ड पातळ होता आणि तो त्याने असा काही वळवला की पुढच्या दोन-तीन वर्षांत लोकांनी आपले बोर्ड कापून कापून लहान केले. जुने लांब बोर्ड एकदम कालबाह्य. १९८१ च्या आसपास सायमन अँडरसनचा तीन फिनचा, म्हणजे शेपटीखाली तीन पाती असलेला, बोर्ड आला आणि मग तर शॉर्टबोर्डाने लाटेवर काय वाट्टेल ते करायला सुरुवात केली.

"म्हंजे मीच जितनू," शिरपूरकर अहिराणीत म्हणाला.

"थांब ना. तोच नॅट यंग पुढे ऐंशीच्या दशकात लाँगबोर्डच्या जागतिक स्पर्धेत उतरला आणि जिंकलासुद्धा."

"वय व्हयनं व्हई त्यानं."

याला काय उत्तर देणार. समोरच्या बर्थवरच्या काकू उठून बसल्या आणि म्हणाल्या, तुमचं शेताच्या बांधाचं काही चाललंय का?

त्याची बाजू मला कळत नाही असं नाही. लाट उभी आणि पोकळ असेल तर माझा लांबडा तिच्या उतारावर बसतच नाही, नाक पाण्यात घुसतं आणि मी वरून कोलांटी. फुटणाऱ्या लाटेतून आत जाताना तो बोर्डासकट बदकासारखी बुडी मारून पलीकडे निघतो आणि मला अख्खा बोर्ड उलटा करून त्याखाली लटकावं लागतं, तोपर्यंत लाट मला वीस फूट मागे नेऊन टाकते. आणि पायाची दोरी तुटली तर माझा बोर्ड कोणाच्या तरी डोक्यात जाईल ही भीती कायम. उलट आमच्या लाँगबोर्डवाल्यांतही एक नवीन सोवळं आलंय ते मला अजिबात आवडत नाही, एकच फिन पाहिजे, पायाला दोरी नको, लाटेवर हातपाय झाडणारे ते शॉर्टबोर्डवाले, आम्ही म्हणजे घराणेदार गायकी. अरे पण तुमचा सुटलेला बोर्ड पोरांच्या अंगावर येतो त्याचं काय?

मला लाँगबोर्ड आवडतो तो चालण्यासाठी. लाट पकडल्यावर बोर्डावर एकापुढे एक पाऊल टाकत नाकापर्यंत जायचं. माणूस टोकावर उभा राहूनही नाक बुडत नाही, कारण मागच्या टोकावरून लाटेचं पाणी वाहत असतं आणि ते शेपटी दाबून धरतं, बाकाच्या एका टोकाला आजी बसली की दुसऱ्या टोकाला नातू उभा राहिला तरी बाक उलटत नाही तसं. दोन्ही पायांची दहा बोटं नाकाच्या बाहेर काढणारे लोक आहेत. माझी चार वर्षांत मजल तीन पावलं, बोटं अजून एकही बाहेर नाही.

भुसावळला उतरलो, त्या दिवशी पारा चव्वेचाळीस. लगेज व्हॅनमधून बोर्ड खाली आला, नाकाला बोटभर तडा. कोणाला बोलणार, नाकाकडे गोधडीची एकच घडी मीच घातली होती. खरी गंमत घरी गोधडी सोडल्यावर झाली. पाय घसरू नये म्हणून बोर्डावर वॅक्स लावतात, ते वॅक्स त्या उन्हात वितळून गोधडीत मुरलेलं, गोधडी ओढली तर आजीच्या जुन्या लुगड्याचे धागे, कापूस, वर छोट्या हत्तीतून येताना बसलेली धूळ, सगळं बोर्डाला चिकटलेलं. बोर्डाला केस आले होते.

आबा काठी टेकत आले. बोर्डाभोवती एक चक्कर मारली.

"हे काय व्हय रे? हिला चाकं कुठी हायेत?"

मी सांगितलं की यावर उभं राहून लाटेवरून जायचं. "उभं काऊन? बसून नाही जमत का?"

मग शिरपूरकराने त्याचा छोटा दाखवला आणि आमचा वाद आबांसमोर मांडला. आबा हतनूरचं धरण व्हायच्या आधीचे, तापी त्यांनी सांगडीवर ओलांडलेली, दोन मोठे भोपळे बांधले की झाली सांगड. ते म्हणाले, मोठे भोपळे असले की माणूस थकत नाही, पण धार लागली का वळता बी येत नाही. लहान भोपळे असले की वळता येतं, पण हात थांबले का बुडालाच. आणि आत जाऊन आमरसाला बसले. मी चार वर्षं व्हिडिओ बघून जे शिकलो ते यांनी उभ्या उभ्या सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे उन्हाच्या आधी चांगदेवच्या बाजूला गेलो, तापी-पूर्णा संगमाकडे, हतनूरचं बॅकवॉटर. उन्हाळ्यामुळे पाणी बरंच आत गेलेलं, काठाला भेगाळलेला गाळ, पण मध्ये भरपूर. "गंज पाणी शे भो," म्हणत शिरपूरकर खूश. लाट अर्थातच नाही, म्हशी उतरल्या तर जेवढं हलेल तेवढंच. नाकाच्या तड्यात एम-सील भरलेलं, ते सुकलंय का बघत बोर्ड पाण्यात टाकला तोपर्यंत गावातली सात-आठ पोरं जमली. त्यांच्याकडे त्यांचे बोर्ड होतेच, बागेतून तोडून आणलेले केळीचे खांब. केळीचं खोड आतून पोकळ पोकळ कप्प्यांचं, लाकडासारखं बुडत नाही. लहान पोरं एकच खांब छातीखाली धरून पाय मारतात आणि मोठ्यांनी चार खांब बांबूच्या खुंट्यांनी जोडून तराफा केलेला. एका खांबावर उभं राहायची त्यांची पैज चालू होती, आणि त्यातला एक काळासावळा बारका पोरगा चार-पाच सेकंद राहिलाही, गुडघे वाकवून, हात पसरून, कोणी न शिकवता अगदी बरोबर.

शिरपूरकर आपला ५ फूट १० इंच घेऊन उतरला. बोर्डाचं आकारमान लिटरमध्ये सांगतात, त्याचा २८ लिटरचा, म्हणजे पूर्ण दाबला तर साधारण अठ्ठावीस किलो उचलणार, आणि हा स्वतः बहात्तर किलो. समुद्रात खारं पाणी थोडी जास्त उचल देतं आणि लाटेचा वेग असतो म्हणून चालून जातं. इथे तो बोर्डावर बसला आणि छातीपर्यंत गेला. बोर्ड दिसेचना. पोरांना वाटलं हा नुसताच पाण्यात बसलाय.

"काका, तुमची फळी बुडाली?"

माझा साधारण ७५ लिटरचा, त्यावर मी आणि दोन पोरं बसून, बोर्ड थोडा पाण्याखाली गेला तरी, हात मारत गेलो. मला वाटलं होतं की याला आता चांगलं सुनवायचं, ट्रेनमधलं सगळं उट्टं काढायचं, पण त्याने त्या बारक्या पोराला बोलावलं, त्याला आपल्या छोट्या बोर्डावर पोटावर झोपवलं, आणि ते पोरगं असेल पंचवीस किलोचं, ते जे सुटलं! माझ्या लांबड्याच्या दोन चकरा मारून परत गेलं. केळीच्या खांबावर हात मारायची सवय, त्यात बोर्ड त्याच्या मापाचा. मी मागून वल्हवतोय, दम लागलेला, बोर्डावरची दोन पोरं मला ओरडतायत, पळव ना काका, पळव ना.

ऊन चढल्यावर घरी आलो, जेवलो, आखाजीच्या दिवशी जेवण म्हणजे खापरावरची पुरणपोळी आणि रस, त्यानंतर माणूस उठत नाही. चारला जाग आली तर ओट्यावर बोर्ड नाही. गच्चीवर गेलो. लाँगबोर्ड दोन खाटांवर उलटा आडवा टाकलेला, त्यावर ओलं धोतर अंथरलेलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमचे पापड, वाळत घातलेले. असल्या उन्हात बोर्डाचा आतला फोम फुगतो, वरचा थर सुटून फोड येतो, बोर्ड कामातून जातो. मी ओरडतच धावलो.

"हात नको लावू, ओले हायेत अजून," आई म्हणाली. "दोन रांगा बसल्या हिच्यावर. त्या लहानीवर टाकून पाह्यले, सात बी नाही मावले."