तुम्ही विचारलंत म्हणून : जिप्सीला हेडर टाकावा का?

माझ्याकडं मारुती जिप्सी आहे, त्यामुळं दर रविवारी कुणीतरी विचारतंच. कधी गगनबावड्याच्या वाटेवर चहाला थांबल्यावर, कधी घराखाली गाडी धुताना. "काका, तुमच्या जिप्सीला हेडर होता ना? मीपण टाकीन म्हणतोय. टाकू का?" तोंडाकडं बघितलं की कळतं, गड्याचं ठरलेलं आहे, फक्त आशीर्वाद हवाय. मग मी उलट विचारतो, "तुझा काटा कुठं असतो?" वेगाचा नव्हे, आरपीएमचा, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं त्याचा. बहुतेकांनी तो काटा कधी नीट बघितलेलाच नसतो.

आधीच सांगतो, माझी सगळी नोकरी फौंड्रीत, बीड म्हणजे कास्ट आयर्न ओतण्यात गेली. त्यामुळं बिडाच्या वस्तूकडं माझा ओढा आहे, तेवढा हिशेबात धरा. इंजिनाच्या चार सिलिंडरांतून निघणारा जळका वायू एकत्र करून सायलेन्सरकडं पाठवायला कंपनी बिडाचा एक जाड, आखूड, बोजड तुकडा बसवते. तो मॅनिफोल्ड. तो काढून त्याच्या जागी वाकवलेल्या पातळ स्टीलच्या चार लांब नळ्या बसवल्या की झाला हेडर. आपल्याकडं हेडर, फ्री फ्लो (धुराला कमी अडवणारा एक्झॉस्ट) आणि सायलेन्सर हे सगळं एकाच पोत्यात भरतात आणि निम्मा घोळ तिथंच होतो. आवाज मुख्यतः सायलेन्सर ठरवतो. हेडरचं काम वेगळं.

ते काम आहे मात्र सुंदर. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे धूर बाहेर सोडणारी झडप, उघडला की दाबाची एक लाट नळीतून सुटते. नळी जिथं मोठ्या पाइपला मिळते तिथून ती उलटते, आणि उलटताना ओढ घेऊन परत येते. एक्झॉस्ट आणि इनटेक (ताजी हवा आत घेणारा) हे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे असतात. नेमक्या त्या क्षणी ही ओढ पोहोचली, तर उरलासुरला धूर बाहेर खेचला जातो आणि त्याच्या मागोमाग ताजी हवा आत येते. फुकटात भरलेलं सिलिंडर! पण लाटेला जायला-यायला लागणारा वेळ नळीच्या लांबीवर ठरतो, आणि लांबी एकदा कापली की कापली. इंजिनाचा वेळ मात्र बदलत राहतो. ६००० आरपीएमला एक पूर्ण चक्र, म्हणजे इंजिनाचे दोन फेरे, २० मिलिसेकंदांत होतं, २००० ला ६० मिलिसेकंद लागतात. ६००० ला वेळेवर येणारी लाट २००० ला फार आधी येऊन निघून जाते. म्हणून हेडर सगळीकडं सारखा चालत नाही. तो कुठल्यातरी एका पट्ट्यातच गातो. चार नळ्या आधी दोनात आणि मग एकात मिळवल्या, म्हणजे ४-२-१ केलं, तर तो पट्टा जरा खाली येतो आणि रुंद होतो. चारी एकदम एकात मिळवल्या तर वर सरकतो.

आता जिप्सीचं इंजिन बघा. १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, ८० हॉर्सपॉवर ६००० ला, टॉर्क म्हणजे पिळाची ताकद १०३ न्यूटन-मीटर ४५०० ला. आणि चिखलात, दगडात, लो रेंजमध्ये (अवघड वाटेसाठीच्या हळू, जोरदार गिअरांत) आपण कुठं असतो? दीड ते अडीच हजार.

हे मला हेडर टाकायच्या आधी ठाऊक नव्हतं असं नाही. तरीही टाकला. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेटरकडून बनवून घेतला, बसवताना मॅनिफोल्ड धरणारे जुने गंजलेले दोन स्टड (आट्यांचे खुंट) तुटले, ते काढण्यात अख्खा दिवस गेला. पहिला आठवडा काय वर्णावा! गाडी खोकायची थांबून बोलायला लागली असं वाटलं. गाडी जोरात पळतेय याची खात्री पटली होती. मग एका मित्रानं स्टॉपवॉच काढलं. करूळ घाटात तीच चढण, तोच तिसरा गिअर, तोच माणूस शेजारी. हेडरच्या आधीची वेळ त्यानं सहज म्हणून टिपून ठेवली होती. फरक निघाला तो बटण दाबणाऱ्या अंगठ्याच्या चुकीत बसेल एवढा. कान फसतात हो. आवाज वाढला की डोक्याला वेग वाढल्यासारखा वाटतो.

खाली मात्र फरक पडला होता, आणि तो उलटा. ज्या चढावर आधी दुसऱ्या गिअरात गाडी निमूट चढायची, तिथं आता हाफ क्लच द्यावा लागायला लागला. मिस्त्रीनं हातात होता तो पाइप वापरलेला, जरुरीपेक्षा जाड. जाड नळीत वायूचा वेग पडतो, आणि कमी आरपीएमला मुळातच वायू कमी असतो. म्हणजे जिथं मला ताकद हवी होती, नेमकी तिथंच मी पैसे देऊन कमी करून घेतली.

मग पावसाळा आला. बॉनेटखालची उष्णता कमी व्हावी म्हणून नळ्यांना पट्टी गुंडाळलेली, ती पाणी धरून बसली आणि साध्या स्टीलला आतून गंज लागला. दुसऱ्या वर्षी फ्लँजजवळच्या, म्हणजे नळ्या इंजिनाला जोडणाऱ्या पट्टीजवळच्या वेल्डिंगला केसाएवढी चीर पडली. थंड इंजिनावर टिकटिक आवाज, तापल्यावर बंद, म्हणून मी दुर्लक्ष केलं. पण धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी चीर असली की दोन लाटांच्या मधल्या वेळात बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ झालंय, पेट्रोल कमी पडतंय, मग ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) बिचारा पेट्रोल वाढवतो. मायलेज का पडलं हे शोधण्यात मी प्लग बदलले, फिल्टर बदलले, पंपवाल्यावर संशय घेतला.

हे फक्त उद्यमनगरच्या वेल्डिंगचं दुखणं नाही. अमेरिकेतल्या जीपच्या ४.० लिटर सहा सिलिंडर इंजिनाला १९९१ ते १९९९ च्या काळात कंपनीनंच नळ्यांचा मॅनिफोल्ड दिला होता. त्याला चिरा जाण्याचं दुखणं जगजाहीर आहे. तिथं लोक बाहेरचा हेडर घेतात तो कित्येकदा ताकदीसाठी नव्हे, फुटलेला बदलायचा म्हणून. तुम्ही मोबाईलवर जे व्हिडिओ बघता त्यातली बरीचशी इंजिनं मोठी व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरांची असतात, आपल्या चौपट-पाचपट आकाराची. त्यांचं गणित आपल्या वहीत उतरवू नका.

थारवाले, स्कॉर्पिओवाले विचारतात त्यांना माझं उत्तर एका ओळीचं असतं : तुमच्या गाडीला टर्बो आहे, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा. तिथं मॅनिफोल्डचं काम टर्बोला गरम वायू पोहोचवणं, लाटांचा हा खेळ तिथं गौण. कित्येक नव्या पेट्रोल इंजिनांत तर मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो. काढणार काय?

कायद्याचं सांगितलं की पोरं हसतात. हसू नका. कंपनीनं जशी गाडी दिली त्यात मनानं बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात अशा बेकायदा बदलाला प्रत्येकी ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आली, आणि आवाज-धुराच्या कलमात पहिल्या खेपेलाच १०,००० पर्यंत. हेडर बसवताना मिस्त्री कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा) उडवायला सांगत असेल तर तिथूनच गाडी वळवा.

मग हेडर कुणी टाकावा? ज्याचा काटा पाच हजारांच्या वर राहतो त्यानं. रॅलीत पळणाऱ्या जिप्स्या बघा, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदललेला, ईसीयू नव्यानं लावलेला, आणि ड्रायव्हर काटा खाली येऊच देत नाही. तिथं हेडर चैनीचा नाही, गरजेचा. पण विचारणाऱ्यांतले निम्मे तर वेगळ्याच दुखण्याचं औषध मागत असतात. मूळ २०५/७० आर १५ टायर काढून त्यांनी २३५/७५ घातलेले असतात. चाकाचा व्यास जवळपास दहा टक्क्यांनी वाढला, म्हणजे चाकापाशी पोहोचणारी ओढ नऊ टक्क्यांनी घटली. गाडी सुस्त झाली ती तिथं. त्याला गिअर रेशो बदलणं हा इलाज आहे, नाहीतर टायर परत लहान करा. मी हेडर काढला, मूळ टायरवर परत आलो आणि व्हॉल्व्हचं क्लिअरन्स (फट) नीट करून घेतलं. हाफ क्लच द्यावा लागायचा तो चढ आता दुसऱ्या गिअरात, क्लच न जाळता होतो.

एवढं ऐकूनही टाकणारच असाल तर टाका, पण काढलेला बिडाचा मॅनिफोल्ड भंगारात देऊ नका. मी दिला होता, किलोच्या भावानं. परत हवा झाला तेव्हा चार भंगारवाल्यांचे ढीग उपसले. पाचव्याकडं एक सापडला. त्याच्या कडेला ओतकामाची रेघ इतकी साफ होती की मी भाव करायचाच विसरलो. भंगारवाल्यानं विचारलं, "जिप्सीचाच ना? हेडर काढलासा काय?"