एकाच पिंजऱ्यात दोन जातींची माकडं

नाशिकच्या त्र्यंबक रोडवरच्या एका सोसायटीने परस्पर माणूस लावून माकडं पकडली होती. मला फोन आला तो तिथल्या वॉचमनचा, "मॅडम, पिल्लू लई ओरडतंय, लवकर या." मी वन्यप्राण्यांची डॉक्टर, वनविभागाच्या रेस्क्यूला जाते, फॉरेस्टच्या गार्डदादांना कळवलं आणि निघालोच.

पार्किंगमध्ये उन्हात पिंजरा, पाणी नाही, पिल्लू आईच्या पोटाला घट्ट धरून आणि आईचा पंजा जाळीत अडकून सोललेला. आधी वरून ओलं गोणपाट टाकलं, पाणी दिलं, मग नीट बघितलं. माद्यांच्या डोक्यावर भांग पाडून गोल पसरलेले केस, शेपूट अंगापेक्षा लांब, म्हणजे बोनेट जातीच्या. पण कोपऱ्यातला नर वेगळाच, शेपूट आखूड, कमरेखाली नारिंगी तांबूस. म्हणजे रीसस जातीचा! पोटात गोळाच आला माझ्या.

का ते सांगते. आपल्याला दोन्ही सारखीच, लाल तोंडाची. पण बोनेट जगात फक्त भारताच्या दक्षिण भागात आहे, रीसस मूळचा उत्तरेकडचा, तो खाली सरकतोय आणि त्यात माणसाचा मोठा हात आहे, कारण एका गावची माकडं गाडीत घालून दुसऱ्या गावाच्या रानात सोडतात. रीससचे नर बोनेटच्या कळपात शिरतात, मिश्र कळप होतात आणि हळूहळू तिथला बोनेट संपतो. त्यात रस्ते रुंद करताना कडेचे वड-उंबर जातात, म्हणजे खाणंही गेलं आणि झोपायची जागाही. म्हैसूर भागात २५ वर्षांत बोनेटची संख्या निम्म्याच्याही खाली आल्याचं २०१७ च्या अभ्यासात आलंय, आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत तो आता व्हल्नरेबल, म्हणजे नामशेष होण्याचा धोका असलेला आहे. आणि आपण समजतो माकडं काय, उदंड आहेत.

सोसायटीचे चेअरमन काका चिडलेच होते. "मॅडम, मारत नव्हतो हो, इगतपुरीच्या घाटात सोडणार होतो. माझी नात जिन्यावरून पडली यांच्यामुळे." त्यांचा राग खरा होता, पोरीच्या हाताला प्लास्टर होतं. मी म्हटलं काका, घाटात आधीच कळप आहेत, ते यांना मारून हाकलणार, ही परत कुठल्यातरी ढाब्यावर येणार, आणि हा रीसस तर आपणच बोनेटच्या घरात नेऊन सोडला असता. शिवाय वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर बोनेट शेड्यूल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, परवानगीशिवाय पकडणं गुन्हा आहे, हे गार्डदादांनी सांगितल्यावर काका शांत झाले. मग मागे जाऊन बघितलं तर उघड्या कचराकुंड्या, पोळ्या, केळीची सालं. रोज आयतं जेवण मिळत असेल तर माकडं येणारच ना! झाकणाच्या कुंड्या आणि बाल्कनीतून खायला टाकणं बंद, एवढं तरी काकांनी लगेच कबूल केलं.

जखमेवर ड्रेसिंग करून संध्याकाळी बोनेट जिथून पकडली त्याच ओढ्याकाठी सोडली, बाकीचा कळप तिथेच झाडांवर होता. रीसस ट्रीटमेंट सेंटरला आहे आणि त्याला कुठल्याही घाटात सोडू नका असं मी लेखी दिलंय. पकडणारा माणूस म्हणतो तो नर याच कळपात सापडला. खरं असेल तर तो आधीच आत शिरलाय, म्हणून आता या रोडवरचे सगळे कळप बघायला घेतोय. नाशिकमध्ये कुणाला लाल तोंडाची माकडं दिसली तर लांबूनच फोटो काढून पाठवा, शेपूट पूर्ण दिसेल असा, आणि जागा नक्की लिहा.