जळगाव ते ब्रेमेन : हॉलमधली सायकल

२०२४ ची इनडोअर सायकलिंगची, म्हणजे हॉलमधल्या कलात्मक सायकलिंग आणि सायकल-बॉल या खेळांची, जागतिक स्पर्धा २५ ते २७ ऑक्टोबरला जर्मनीतल्या ब्रेमेनच्या ओव्हीबी अरेनात झाली, म्हणजे वसुबारसेच्या आदल्या दिवशी संपली. हॅम्बुर्गहून रेल्वेने तासाभरात ब्रेमेन येतं आणि अरेना मुख्य स्टेशनाच्या पाठीमागेच आहे. तिकडे जायचं तर व्हिसाची फी ९० युरो, प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा. फराळातले पेढे घरीच ठेवा, दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. आपलं केळं मात्र चालतं, त्याला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राचीही अट नाही! ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात. विसरलात तर बंद दारासमोर तासभर थंडीत उभं राहायची तयारी ठेवा.

गावच्या चौकात आठ-आठ दिवस सायकलवरून न उतरणारे कलाकार ज्यांनी पाहिलेत, त्यांना कलात्मक सायकलिंग ओळखीचं वाटेल. फरक हिशेबाचा. वेळ ५ मिनिटं, एकट्या खेळाडूला ३० पर्यंत कसरती, आणि त्यांचा क्रम आधीच लिहून द्यायचा. प्रत्येक कसरतीचे गुण ठरलेले. त्यांची बेरीज हा सुरुवातीचा आकडा, पुढे नुसती वजाबाकी. पडलं की २ गुण गेले. आमची नजर खिळली ती माउटे उडीवर: चालत्या सायकलच्या सीटवर उभं राहायचं आणि तिथून उडी मारून थेट हँडलवर उभं राहायचं.

सायकल-बॉल, म्हणजे सायकलवर बसून खेळायचा फुटबॉल, वेगळाच. मैदान १४ × ११ मीटर, कडेने ३० सेंमी उंच फळ्या, गोल २ × २ मीटर, संघात दोघंच, ७-७ मिनिटांचे दोन डाव. चेंडू ५०० ते ६०० ग्रॅमचा. तो पुढच्या चाकाला लावून न्यायचा आणि हँडल झटक्यात वळवून मारायचा. हाताने अडवायची मुभा फक्त आपल्या गोलासमोर, रक्षकाला. पाय जमिनीला लागला, तर आपल्या गोलरेषेमागे जाऊन आल्याशिवाय खेळता येत नाही. तोवर दोघांविरुद्ध एक. चेकोस्लोव्हाकियाच्या पोस्पिशिल बंधूंनी १९६५ ते १९८८ या काळात २० जागतिक विजेतेपदं मिळवली.

खरी गंमत सायकलीत आहे. फ्रीव्हील (पेडल थांबवलं तरी चाक फिरू देणारं मागचं चक्र) नाही, ब्रेक नाही. पेडल उलटं मारलं की सायकल मागे. आपल्या काळ्या सायकलला साधारण पुढे ४४ आणि मागे १८ दात, म्हणजे पेडलच्या एका फेरीत चाकाच्या जवळजवळ अडीच फेऱ्या. इथे हे प्रमाण एकास एकच्या आसपास असतं, म्हणून जागच्या जागी तोल धरता येतो. सायकल-बॉलचं हँडल बैलाच्या शिंगांसारखं वर वळलेलं, सीट पार मागच्या चाकावर.

धुळे-जळगावात कुणी हे करून पाहणार असेल, तर पहिली चूक ठरलेली: फ्रीव्हील वेल्ड करून जाम करणं. पुढे पेडल मारलं की फ्रीव्हील आट्यांवर घट्ट होतं, उलटं मारलं की त्याच आट्यांवरून सुटून येतं. तेव्हा फिक्स हबच हवा, ज्यात दातेरी चक्राला उलट्या आट्यांची रिंग अडवून धरते. ती नसेल तर पहिल्याच जोरदार उलट्या पेडलला दात आपटतील, सायकलवाल्याचे नव्हे, तुमचे.

जागेला शेजारी-शेजारी असलेली दोन बॅडमिंटन कोर्टं पुरतात. मिळून १३.४ × १२.२ मीटर, लांबीत ६० सेंमी कमी पडतात ते मागच्या मोकळ्या जागेतून घ्यायचे. टायर फिकट रंगाचे घ्या. लाकडी फरशीवर काळे पट्टे उमटले की हॉलवाला दुसऱ्या दिवशी कुलूप लावतो. दोन्ही गोल वगळून ४६ मीटर फळी लागेल. ती नुसती उभी केली तर चेंडूच्या दणक्याने सरकते, म्हणून मागून वाळूची पोती लावा. कापसाच्या गाठी जास्त चांगल्या, पण जिनिंगवाले देतील तर ना!