भाकरी किती, कालवण किती: आहार-सर्वेक्षणातला माझा अनुभव

पोषणशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मला पहिलं काम मिळालं ते आहार-सर्वेक्षणाचं, सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. मोठी माणसं एरवी काय खातात आणि किती खातात, हे घरोघरी जाऊन प्रश्न विचारून काढायचं होतं. रक्तदाब मोजायला यंत्र असतं. खाण्याचं माप मात्र समोरच्याच्या आठवणीतून बाहेर काढावं लागतं, आणि त्यासाठी वेळ द्यावा लागतो. हे मी तिथेच शिकले.

प्रश्नावल्या दोन होत्या. एकीत कालच्या २४ तासांत तोंडात गेलेलं सगळं लिहायचं. दुसरीत वर्षभराचा अंदाज: हा पदार्थ रोज, आठवड्यातून किती वेळा, की महिन्यातून एखाद्या वेळी.

"काल काय काय खाल्लं?" असं विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं: "काय खाणार ताई, रोजचंच की, भाकरी-कालवण." इथे थांबलं तर प्रश्नावली भरते, पण हाती काही लागत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने यासाठी पाच टप्प्यांची पद्धत बसवली आहे, आम्हीही तिच्याच धर्तीवर चालायचो. आधी माणसाला मध्ये न तोडता सांगू द्यायचं. मग हमखास विसरल्या जाणाऱ्या गोष्टी एकेक करून विचारायच्या. त्यानंतर वेळ नि जागा, मग प्रमाण, आणि उठण्याआधी एकदा "आणखी काही राहिलं का?" दुसऱ्या टप्प्यावर खरी भर पडायची. चहा तर कुणी खाण्यात धरतच नाही. दिवसात पाच कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हटलं तरी सुमारे ५० ग्रॅम साखर होते, म्हणजे २०० कॅलरी. रानात खुरपताना खाल्लेल्या शेंगा, बांधावरची बोरं, पाहुण्यासोबत घेतलेला चिवडा, हे सगळं तेव्हाच कळतं.

प्रमाणाचं काम सगळ्यात अवघड, आणि मला सगळ्यात आवडलेलंही. "दोन भाकरी" हे उत्तर अर्धंच असतं. घरच्या बाईला मी म्हणायचे, "मावशी, एका भाकरीला घेता तेवढं पीठ परातीत काढून दाखवा बरं." ते वजनकाट्यावर ठेवायचं. एका घरी ७० ग्रॅम भरायचं, तर पलीकडच्या घरी १२० च्या पुढे. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३३० कॅलरी असतात, तेव्हा दोन भाकऱ्यांतच ३०० हून जास्त कॅलरींचा फरक पडतो. कालवणाचा हिशेब वेगळा. मटकी कच्ची किती घातली ते मोजायचं, आमटी एकूण किती झाली ते पातेल्यात पाणी ओतून बघायचं, आणि त्यातली याच्या वाटीत किती आली ते धरायचं. पाव किलो मटकीची दोन लिटर आमटी झाली आणि माणसाने २०० मिलिलिटर घेतली, तर त्याच्या पोटात २५ ग्रॅम मटकी गेली. तेल विचारायचं ते महिन्याला किती लागतं म्हणून, आणि खाणाऱ्या माणसांत वाटून घ्यायचं. मिठाचं माप मात्र असं विचारून धड मिळत नाही. त्याला २४ तासांची लघवी गोळा करून तपासावी लागते.

बायकांचं खाणं मोजताना मात्र माझा कस लागला. पुरुषाचं ताट वाढलेलं असतं, त्याला आकार असतो. बाई सगळ्यांच्या मागून, पुष्कळदा पातेल्यातूनच खाते. मुलाने टाकलेला चतकोर तिच्या वाट्याला येतो, तो ती जेवणात मोजत नाही. त्यात ओसरीवर बसलेले मालक तिच्या आधी सांगून मोकळे: "ती पण दोनच खाती." म्हणून माझी सहकारी त्यांना उंची-वजन घ्यायला अंगणात न्यायची आणि तेवढ्यात मी चुलीपाशी बसायचे. एका मावशींना विचारलं, "सगळ्यांची जेवणं झाल्यावर आमटी पातेल्यात कुठवर होती?" त्यांनी पातेल्याला आतून बोट लावून दाखवलं. तिथपर्यंत पाणी ओतलं आणि मोजलं. जेमतेम अर्धी वाटी भरलं. "पोटभर जेवले" एवढंच त्या आधी म्हणाल्या होत्या, आणि त्यांच्या दृष्टीने ते खरंच होतं.

बोलताना चेहरा सांभाळावा लागतो. "एवढंच?" म्हटलं की माणूस पुढच्या वेळी वाढवून सांगतो. "पालेभाजी खाता ना?" असं विचारलं तर 'खातो' हेच उत्तर येणार. दारूचं विचारायचं ते एकट्याला गाठून, चहाचं विचारतो त्याच आवाजात.

बरं, कालचा दिवस म्हणजे काही वर्ष नव्हे. काल बाजार असेल तर भाजी ताजी असते, हातात भेळेचा पुडा असतो. एकादशी असेल तर भगर आणि शेंगदाण्याची आमटी. म्हणून काही दिवसांच्या अंतराने पुन्हा जायचं, आणि जोडीला वर्षभराची प्रश्नावली. तिच्यातले रकाने शहरात बसून आखलेले होते. "मेथी आठवड्यातून किती वेळा?" यावर एक आक्का म्हणाल्या, "असली की रोज, नसली की महिना महिना दिसत न्हाई." त्यांचं उत्तर चोख होतं, रकानाच तोकडा पडत होता. मग आम्ही आधी हंगाम विचारायला लागलो आणि नंतर त्या हंगामातली वारंवारिता. महिन्यांच्या नावांपेक्षा बेंदूर, दिवाळी, शिंगणापूरची चैत्री यात्रा या खुणा लोकांना पटकन सापडतात. बाजरी कधी सुरू होते नि कधी बंद, मटण श्रावणात तुटतं ते पुन्हा कधी शिजतं, हे त्या खुणांवरून नीट उलगडत जातं.

संध्याकाळी नोंदी उतरवायच्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये काढलेल्या कोष्टकांत ५२८ खाद्यपदार्थांची पोषणमूल्यं आहेत, पण ती मुख्यतः कच्च्या मालाची. हुलग्याचं माडगं तिथे तयार सापडत नाही. हुलग्याचं पीठ किती, गूळ किती, पाणी किती, असं फोडून लिहावं लागतं.

इतकं करूनही आकडा थोडा कमीच भरतो. शरीर प्रत्यक्षात किती ऊर्जा खर्च करतं हे खास समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) असलेलं पाणी पाजून मोजता येतं. त्या मापाशी ताडून पाहिलं तेव्हा लोक खातात त्यापेक्षा कमी सांगतात असं १९८० च्या दशकापासून वारंवार आढळलं आहे, आणि वजन जास्त असलेल्यांत ही तूट मोठी. त्यामुळे एका माणसाच्या कॅलरी यातून नेमक्या कळतात असं मी म्हणणार नाही. पण डाळ कुणाच्या ताटात जास्त जाते आणि कुणाच्या कमी, हा क्रम बऱ्यापैकी लागतो. त्यावरून योजना आखल्या जातात, म्हणून मला त्यात हयगय चालत नाही.

एका घराला वीस मिनिटं दिली की मालकाचं खाणं लिहून होतं, मावशींचं सुटतं. हे आमच्या प्रमुखांना पटवायला मी ती पातेल्यांची मापंच त्यांच्यापुढे ठेवली. पुढच्या फेरीच्या सूचनापत्रात बाईशी स्वतंत्र बोलणं, पातेल्यात उरलेल्याचं माप आणि घरामागे एक तास, या तिन्ही गोष्टी लिहून आल्या.