काठाला चिकटलेलं शीत

"नुसत्या पेजेचे 90 रुपये?"

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. डबा उघडला की वर पांढरट पाणी, तळाशी थोडी शितं आणि सोबत सैंधवाची पुडी, एवढंच दिसतं. माझी संबंध पोळीभाजी त्याहून स्वस्त आहे.

मी पुण्यात घरगुती डबे करते. गेली आठ वर्षं एका वैद्य मॅडमच्या पंचकर्माच्या रुग्णांना पथ्याचा डबाही माझ्याच ओट्यावरून जातो. विरेचन, म्हणजे औषधानं जुलाब देऊन पोट साफ करणं, झालं की माणसाला लगेच वरणभातसुद्धा देत नाहीत. आधी पेया म्हणजे ही पातळ पेज, मग विलेपी म्हणजे तिच्याहून दाट, मग मुगाचं बिनफोडणीचं कढण, मग फोडणीचं, अशी चढण असते. पोट किती साफ झालं त्यावर ही चढण तीन, पाच किंवा सात दिवसांची. याला संसर्जन क्रम म्हणतात. मॅडमनी पहिल्या दिवशी मला चरकसंहितेतली उपमा सांगितली होती: विझत आलेल्या विस्तवाला आधी गवताची काडी, मग शेणी, असं हळूहळू घालत गेलं की तो पेटतो आणि मग काहीही पचवतो. मी चुलीवर स्वयंपाक शिकलेली. निखाऱ्यावर एकदम ओंडका ठेवला की काय होतं ते मला श्लोकाशिवाय माहीत होतं.

पेयेला तांदूळ लागतो वर्षभराचा जुना. तो आधी कोरडा भाजायचा, मग चौदापट पाण्यात मंद आचेवर ठेवायचा. कुकर चालत नाही. कुकरात शिजतं, पण पाणी आणि शीत एकजीव होत नाही. पाऊण तास पातेल्यापाशी उभं राहायचं, कारण पेज उतू जायला तुमची पाठ वळण्याचीच वाट बघत असते. 90 रुपयांत हे उभं राहणंही आलं. विलेपी त्याहून अवघड, चौपट पाण्यातली, पळीला लेपासारखी धरणारी. गंमत अशी की ग्रंथात साध्या भाताला पाचपट पाणी सांगितलंय, म्हणजे विलेपीहून जास्त! मला बरेच दिवस ती छपाईची चूक वाटायची. मग एकदा कोकणातल्या सासूबाई भात वेळताना दिसल्या आणि उलगडलं. त्या भाताचं पाणी काढून टाकायचं असतं, विलेपीचं सगळं आतच मुरवायचं.

विरेचन करायचं शरदात, पित्त चाळवतं तेव्हा. म्हणजे आश्विनात वैद्यांकडे गर्दी. आणि आश्विनातच नवरात्र. त्या नऊ दिवसांत माझा ओटा दुभंगलेला असतो, एकीकडे पथ्य आणि दुसरीकडे उपास. उपासाच्या डब्याबद्दल माझं एक मत आहे, ते मी गिऱ्हाइकांना सांगत नाही. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो अमेरिका खंडातला, बटाटा तिकडचा, शेंगदाणा तिकडचा, हिरवी मिरची तिकडची, रताळंही तिकडचंच. चरकाला यातलं एकही ठाऊक असायचं कारण नाही. आपल्या डब्यातलं जुनं म्हणायचं तर ती बिचारी भगर, आणि तिलाच लोक नाकं मुरडतात.

तर त्या वर्षीची ललिता पंचमी. उपासाचे 38 डबे आणि पथ्याचे 6. पथ्यातला एक डबा बँकेतल्या एका साहेबांचा. अंगावर गांधी उठायच्या म्हणून विरेचन घेतलेलं, तिसरा दिवस, दुसरी विलेपी. उपासातला एक डबा 17 नंबरचा, म्हणजे जवळच्याच वाड्यात तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींचा. नाशिकची लेक महिन्याचे पैसे भरते. हा 17 नंबर माझा लाडका होता. रोज चाटूनपुसून परत यायचा. कामाला नवी बाई आली की तिला मी तो उघडून दाखवायची, "बघ, असा रिकामा यायला हवा."

सगळे डबे भरून रांगेत होते. साहेबांच्या डब्यात सैंधवाची पुडी टाकायची राहिली होती, आजींच्या डब्यात दह्याची वाटी. दोन्ही डबे उघडले आणि तेवढ्यात फोन आला. फोन कानाला लावूनच पुडी टाकली, वाटी ठेवली, झाकणं लावली. नंबराच्या चिठ्ठ्या मी झाकणावर चिकटवायचे. वाचणाऱ्याला पुढचं कळलंच असेल. मला मात्र दुपारी चारला कळलं.

चारला डबे परत येतात. 17 नंबर विसळायला घेतला तर काठाला एक शीत चिकटलेलं. मी ते नखानं काढलं, बोटांत चुरडून बघितलं. साबुदाणा असा लगदा होत नाही, बुळबुळतो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. मला त्या शितावरून अख्खी दुपार दिसली. नवरात्रात आजींच्या पोटात तांदूळ गेला होता. आणि त्यांची साबुदाण्याची खिचडी?

साहेबांना फोन लावला.

"साहेब, दुपारी डब्यात काय होतं?"

"खिचडी की! दहीसुद्धा. म्हटलं, झाली एकदम बढती."

"किती खाल्लीत?"

"अहो, तीन दिवसांनी शेंगदाणा दिसला. डबा पुसून खाल्ला. जरा तडस लागल्यासारखं वाटतंय, पण होईल बरं."

मी मटकन खाली बसले. मावशींनी, माझ्याकडे पोळ्या करतात त्यांनी, गॅस बंद केला. मॅडमना फोन केला तेव्हा माझा आवाज फुटत नव्हता. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं ते एवढंच: किती खाल्लं, किती वाजता, ढेकर कसे येतायत, तहान आहे का. मग म्हणाल्या, "त्यांना फोन मी करते, तुम्ही करू नका. रात्री डबा पाठवायचा नाही, सुंठीचं कोमट पाणी फक्त. उद्या त्यांना भूक लागल्याचं मी कळवेन, तेव्हा पेया. वेळ झाली म्हणून पाठवू नका, भूक लागली म्हणून पाठवा."

रात्री साहेबांना उलटी झाली. पोट फुगून ते अर्धी रात्र येरझाऱ्या घालत होते, हे मला दुसऱ्या दिवशी त्यांच्या मिसेसनी सांगितलं, तेही असं, की त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सकाळी अकराला मॅडमचा निरोप आला, भूक लागलीय. पुन्हा पहिली पायरी, पेया. साहेबांचं निस्तरलं, पण मधे चार दिवस गेले आणि त्या डब्यांचे पैसे मी घेतले नाहीत. घेण्याचा प्रश्नच नव्हता.

पण आजींचं निस्तरायचं कसं? त्यांनी तर तक्रारही केली नव्हती. पन्नासेक वर्षांचं त्यांचं घटाचं व्रत, आणि मी पंचमीला ते मोडलं होतं. मावशी म्हणाल्या, "ताई, सांगू नका. देवी काय आंधळी आहे? कुणाच्या हातून झालं ते तिला दिसतंय." मला क्षणभर पटलंही. मग जाणवलं, की मला पटतंय ते सोयीचं आहे म्हणून. संध्याकाळी साडेसहाला मी त्या वाड्याचे तीन जिने चढले.

आजींनी दार उघडलं. कोपऱ्यात घट, माळ, समई. समईपासून हातभर अंतरावर एका वाटीत पाणी आणि पाण्यात कवळी.

"आजी, आज डब्यात माझ्याकडून घोळ झाला."

"बस आधी. पाणी घे. धापा टाकतेयस."

"आज खिचडीऐवजी दुसऱ्याचा डबा आला तुम्हाला. भगर वाटली असेल, पण ती भगर नव्हती. तांदूळ होता."

"ठाऊक आहे."

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही. पुन्हा सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला.

"साठ वर्षं भगर रांधली मी. कितीही शिजव, जिभेला तिची कणी लागतेच. हे विरघळत होतं. दुसऱ्या घासाला कळलं मला."

"मग?"

"मग काय, तिसरा घेतला."

आणि त्या हसल्या. बोळकं पूर्ण उघडं. या आजींना मी दोन वर्षं ओळखत होते, आणि त्यांना कवळीशिवाय पहिल्यांदा बघत होते. मी वाटीकडे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"शिमग्यापासून टोचतेय ती. हिरड्या बसल्या माझ्या, ती सैल झाली. खाताना काढूनच ठेवते."

"मग पोळी? खिचडी? डबा तर रोज रिकामा येतो."

त्यांनी खिडकीबाहेर मान उडवली. खाली वाड्याच्या दाराशी रखवालदाराचा पोरगा सायकलचं चाक फिरवत बसला होता. "त्याला तुझी बटाट्याची भाजी फार आवडते. मी आमटीत चार घास कुस्करून घेते, उरलेलं त्याला. अन्न टाकवत नाही ना."

सात महिने. सात महिने मी तो डबा नव्या बायकांना उघडून दाखवत होते.

"लेकीला बोलू नकोस हं. ती लगेच गाडी घेऊन येईल न्यायला. दातवाल्याकडे दसरा झाला की जाईन." मी म्हटलं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मीच घेऊन जाईन, आणि नाही आलात तर लेकीला फोन. त्यांनी नाराजीनं मान्य केलं. व्रताचं विचारायचा मला धीर होत नव्हता. तो विषय त्यांनीच काढला. "देवीचं मी बघते, तो आमचा दोघींचा मामला. उद्यापासून मात्र उपासाचंच पाठव. पण आजच्यासारखं."

आजच्यासारखं म्हणजे भगरीची विलेपी. अशी कुठे वाचली नव्हती, ऐकली नव्हती. रात्री दहाला ओट्यापाशी उभी राहिले. चौपट पाण्यात भगर कणकण राहिली. चौदापट घातलं तर खाली गाळ, वर पाणी. भगर ही तृणधान्यातली, हलकी पण रूक्ष, वात वाढवणारी. तिला स्निग्ध काही दिल्याशिवाय ती ऐकणार नाही असं वाटलं. तिसऱ्या वेळी ती धुऊन तासभर भिजवली, तुपावर जिऱ्यासोबत गुलाबी परतली, दहापट उकळतं पाणी घातलं आणि पळीनं घोटत बसले. पाऊण तासानं पळी उलटी केली तर ती धरून राहिली. कणी लागत होती का? थोडी लागत होती. आणखी दहा मिनिटं घोटलं. मग सगळ्या झाकणांवरच्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या आणि नंबर डब्यांच्या पोटावर रंगवले. ते होईतो साडेबारा वाजले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला 17 नंबर परत आला. मी झाकण उघडलं. तळाशी दोन चमचे भगर उरली होती. मावशींना हाक मारली आणि डबा उघडून दाखवला.