एका मनगटावर चार देश

गोव्यात हणजुणच्या बाजारात एक विणलेला बँड घेतला होता, लाल-पिवळा-हिरवा. विकणारा म्हणाला "रेगे बँड है, ले लो", मी पण घेतला, रेगे म्हणजे जमैकाचं संगीत, म्हटलं जमैकाचा झेंडा असणार. घरी आल्यावर सहज बघितलं तर जमैकाच्या झेंड्यात लाल रंगच नाही! काळा, हिरवा आणि सोनेरी, बस. मग हे तीन रंग आले कुठून?

तर ते इथिओपियाचे. १८९६ च्या मार्चमध्ये अडव्याच्या लढाईत त्यांच्या सम्राट मेनेलिकच्या सैन्याने इटलीला असं काही धुतलं की अख्ख्या युरोपला तोंडात बोट घालावं लागलं. पुढच्याच वर्षी या तीन रंगांचा झेंडा आला. आजूबाजूचा जवळपास सगळा खंड युरोपवाल्यांनी वाटून घेतलेला आणि हा एक देश ताठ उभा, म्हणजे बाकीच्यांसाठी तो झेंडा काय असेल विचार करा. तिकडे जमैकातल्या रास्ताफारी पंथाच्या मंडळींनी इथिओपियाचा सम्राट हाइले सेलासीला थेट देवच मानलं, त्यामुळे रंगही त्यांचे झाले, रेगेवाल्यांकडून ते टोप्यांवर गेले आणि फिरत फिरत हणजुणला माझ्या मनगटावर आले.

आफ्रिकेत मात्र खरी धमाल १९५७ नंतर झाली. ६ मार्चला घाना स्वतंत्र झाला, झेंडा काढला थिओडोसिया ओको नावाच्या चित्रकार बाईंनी (या बाई पुढे घानाच्या हॉकी असोसिएशनच्या प्रमुख झाल्या, अक्राच्या हॉकी स्टेडियमला त्यांचं नाव आहे, हे वाचून मला उगाच जवळचं वाटलं). इथिओपियाचे तीन पट्टे उलटे केले, लाल वर, आणि मधे एक काळा तारा. लाल म्हणजे स्वातंत्र्यासाठी सांडलेलं रक्त, पिवळा म्हणजे जमिनीतलं सोनं (देशाचं आधीचं नावच गोल्ड कोस्ट), हिरवा म्हणजे जंगल. तारा मात्र आला मार्कस गार्वीच्या ब्लॅक स्टार लाइनवरून. १९१९ मध्ये या माणसाने अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना आफ्रिकेशी जोडायला जहाजांची कंपनी काढली होती. कंपनी दोनतीन वर्षांतच बुडाली, तारा तेवढा तरंगला. गार्वीच्या संघटनेचा लाल-काळा-हिरवा झेंडा वेगळाच होता, आज केनिया-मलावीच्या झेंड्यांवर ते तीन रंग दिसतात.

घानानंतर रांगच लागली. गिनी, माली, सेनेगल, कॅमेरून, टोगो, बेनिन... आणि गंमत म्हणजे प्रत्येकाचा अर्थ वेगळा. घानाला लालमध्ये रक्त दिसतं, गिनीत तेच तीन रंग श्रम, न्याय आणि एकजूट या ब्रीदवाक्याला जोडतात. मला तर वाटतं अर्थ नंतर चिकटवलेत, शाळेत पाठ करायला. पहिलं जे होतं ते एवढंच की आमचं पण तुमच्यासारखंच. भाऊबीजेला सगळ्या चुलत भावंडांना एकाच ताग्यातलं कापड घेतात ना, तसं. घाना आणि गिनीने तर १९५८ मध्ये युनियनच जाहीर केली, नंतर माली आला, झेंड्यावर देशागणिक एक असे तीन काळे तारे झाले. युनियन काही टिकली नाही. उलट घानात १९६४ ला सत्ताधारी पक्षाचे रंग देशाच्या झेंड्यात घुसवायला पिवळ्याचा पांढरा केला, १९६६ ला राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमांची सत्ता गेली आणि पिवळा परत आला! राजकारण सगळीकडे सारखंच.

माली आणि गिनीचे झेंडे तर एकमेकांची आरशातली प्रतिमा: पट्टे उभे, मालीचा डावीकडून हिरवा-पिवळा-लाल, गिनीचा उलटा. २०१५ च्या फुटबॉलच्या आफ्रिका कपमध्ये दोघं एकाच गटात होते. दोघांच्या तिन्ही मॅच १-१, पॉइंट सारखे, गोल सारखे, शेवटी चिठ्ठी टाकून ठरवावं लागलं कोण पुढे जाणार. इतकं सारखं असावं का माणसाने? चिठ्ठी गिनीची निघाली, आणि क्वार्टर फायनलला त्यांना ३-० ने हरवलं कोणी? तर घानाने. ताग्यातल्या तिसऱ्या भावाने.

आता बँड घालून बसलो की माझा हाच उद्योग असतो. हात खाली सोडला की हिरवा वर, म्हणजे इथिओपिया. वर केला की लाल वर, म्हणजे घाना, तारा नाही म्हणून कोणी बोलिव्हिया म्हटलं तरी माझ्याकडे उत्तर नाही. घड्याळ बघायला हात छातीपुढे आणला की मला माली दिसतो, आणि लोकलमध्ये समोर बसलेल्याला गिनी.